पडलेला दात पत्र्यावर टाकू नका

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वस्तीतल्या सार्वजनिक नळाच्या ओट्यावर तिसरीतला एक मुलगा घसरला. ओट्याची कड तोंडावर बसली. ओठ फुटला, रक्त आले आणि वरचा पुढचा एक दात मुळासकट निघून हातात आला. आई कामावर होती. घरी आजी होत्या. त्यांनी मुलाचे तोंड धुतले, रक्त थांबवले, त्याला जवळ घेतले. हे सगळे त्यांनी बरोबरच केले. मग त्यांनी तो दात उचलला आणि शेजारच्या पत्र्यावर टाकला.

संध्याकाळी आई मुलाला घेऊन आमच्याकडे आली. आम्ही विचारले, "दात कुठे आहे?" आजी म्हणाल्या, "दुधाचा दात व्हता, टाकला पत्र्यावर. नवा येईल की."

तो दुधाचा दात नव्हता. मुलगा आठ वर्षांचा होता. वर्षभरापूर्वी आलेला तो कायमचा दात होता आणि त्या जागी आता दुसरा येणार नव्हता.

आजींची काहीच चूक नाही. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. पोळले तर काय करायचे, साप चावला तर काय करायचे, हे आपण एकमेकांना सांगतो. दात पडला तर काय करायचे, हे मात्र सांगत नाही. म्हणून हा धडा आम्ही दातांच्या दुखापतीवर घेत आहोत. घरात सहा ते चौदा वर्षांचे मूल असेल तर तो मोठ्याने वाचा, आणि आजी-आजोबांनाही ऐकवा, कारण मूल पडते तेव्हा घरात बहुधा तेच असतात.

दात दुधाचा की कायमचा?

दुधाचे दात एकूण २० असतात. ते साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास खालचे पुढचे दात हलू लागतात आणि कायमचे दात यायला सुरुवात होते. वरचे मधले दोन मोठे दात साधारण सात ते आठव्या वर्षी येतात. सर्वांत जास्त मार याच दोन दातांना बसतो, कारण ते सगळ्यांत पुढे असतात. ज्या मुलांचे दात बाहेर आलेले असतात, त्यांना धोका आणखी जास्त.

ओळखायचे कसे? दुधाचा दात लहान, दुधासारखा पांढराशुभ्र आणि कडेला गुळगुळीत असतो. नुकताच आलेला कायमचा दात मोठा, थोडा पिवळसर असतो आणि त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतात. वयानुसार आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दाताचे मूळ झिजून गेलेले असते, म्हणून तो बुटका दिसतो. मार लागून निघालेल्या कायमच्या दाताला मात्र लांब मूळ असते. सात वर्षांवरच्या मुलाचा वरचा मोठा दात लांब मुळासकट निघाला, तर तो कायमचाच समजा आणि जपा.

आधी डोके, मग दात

मूल तोंडावर पडले म्हणजे डोक्यालाही मार लागलेला असू शकतो. त्यामुळे दाताकडे वळण्याआधी एवढे पाहा: मूल बेशुद्ध पडले होते का? उलटी होते आहे का? गुंगी येते आहे का, असंबद्ध बोलते आहे का? कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाणी येते आहे का? तोंड उघडता येत नाही किंवा जबडा वाकडा वाटतो का? यातले एक जरी असेल, तर दात बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात चला. वाटेत दुधाच्या भांड्यात दात ठेवता आला तर ठेवा, पण त्यासाठी थांबू नका.

हे काही नसेल तर मुलाला बसवा. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून ओठावर दाबून धरा. दहा मिनिटे सारखे न उचलता धरले की बहुतेक वेळा रक्त थांबते. मग दात मोजा. एखादा कमी दिसला तर तो शोधा. तो जमिनीवर असेल, ओठाच्या आत रुतलेला असेल किंवा मार लागून हिरडीतच आत घुसलेला असेल. दात सापडत नाही आणि मूल सारखे खोकते आहे किंवा श्वासाला घरघर आहे, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा.

कायमचा दात मुळासकट निघाला तर

दातांच्या दुखापतीत घरच्यांच्या हातात सर्वांत जास्त असते ते याच दुखापतीत. त्याचे कारण समजून घेऊ.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. खाटेची नवार चौकटीला ताणलेली असते, तसा दात या तंतूंवर टांगलेला असतो. दात निघतो तेव्हा हे तंतू तुटतात. अर्धे हाडाला राहतात, अर्धे मुळाला. मुळावरच्या त्या थरातल्या पेशी जिवंत राहिल्या, तर दात परत बसवल्यावर तंतू पुन्हा जुळतात. त्या पेशी वाळल्या की मरतात. उघड्यावर कोरडा पडलेला दात तासाभरात त्या जवळपास सगळ्या गमावतो.

डेन्मार्कमधील दंतशल्यचिकित्सक येन्स अँड्रियासेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ साली परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी बहुतेकांची मुळे शाबूत राहिली. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या जवळपास सगळ्या दातांची मुळे पुढे झिजली. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर एकच गोष्ट सांगत आहेत: दात जितक्या लवकर जागेवर, तितका तो टिकण्याची आशा जास्त.

म्हणून असे करा:

१. दात उचलताना चमकदार, पांढऱ्या भागाला धरा. मुळाला बोट लावू नका.

२. मातीने माखला असेल तर दुधाने किंवा सलाइनच्या पाण्याने हलकेच धुवा. दोन्ही जवळ नसेल तर नळाच्या गार पाण्याखाली काही सेकंद धरा. घासू नका, खरवडू नका, साबण लावू नका, फडक्याने पुसू नका.

३. मूल शुद्धीवर असेल, ऐकत असेल, तर दात जागच्या जागी परत बसवा. शेजारच्या दाताकडे पाहून फुगीर, चमकदार बाजू ओठाकडे ठेवा. हळूहळू दाबा. तो सहज सरकत असेल तरच बसवा, जोर करू नका. मग स्वच्छ रुमालाची घडी मुलाला दातांत धरायला सांगा आणि निघा.

४. हात धजावत नसेल किंवा मूल घाबरले असेल, तर दात गार दुधात बुडवून न्या. पिशवीचे साधे दूध चालते. साखर घातलेले किंवा गरम दूध नको; ताक, चहा तर नकोच. दूध नसेल तर मुलाला स्वच्छ वाटीत थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. सलाइनही चालते. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, म्हणून पाणी हा शेवटचा उपाय. पण कोरडा ठेवण्यापेक्षा पाणीसुद्धा बरे.

५. तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करा. उशीर झाला तरी दात टाकू नका. उशिरा बसवलेला दातही काही वर्षे हाडाची उंची आणि जागा राखतो, आणि मुलाची वाढ होईपर्यंत तेवढेही मोलाचे असते.

मुलाला हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर मात्र घरी दात बसवू नका. दुधात ठेवून न्या आणि आजार डॉक्टरांना आधी सांगा.

दुधाचा दात निघाला तर

इथे नियम उलटा. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाजवळच हाडात कायमच्या दाताचा अंकुर असतो. दात दाबून बसवला तर त्या अंकुराला इजा होते.

लहान मूल पडून दुधाचा दात हिरडीत आत घुसला, तर तोही ओढून काढायचा प्रयत्न करू नका. बहुतेक वेळा तो सहा महिने ते वर्षभरात आपोआप खाली येतो. मार लागलेला दुधाचा दात काही दिवसांनी काळपट होऊ शकतो. नुसता रंग बदलला म्हणून तो काढावाच लागतो असे नाही. पण हिरडीवर फोड आला, पू दिसला किंवा सूज आली, तर लगेच दाखवा. पुढे येणाऱ्या कायमच्या दातावर कधी पांढरा किंवा तपकिरी डाग दिसतो. तो या जुन्या माराचा असू शकतो, म्हणून दुधाच्या दाताला मार लागला तरी एकदा डॉक्टरांना दाखवून ठेवा.

दाताचा तुकडा पडला तर: पांढरा, पिवळा, लाल

तुटलेल्या जागेचा रंग पाहायला मुलांनाही शिकवा. नुसते पांढरे दिसत असेल तर वरचे कवच तुटले आहे. घाई नाही, पण एक-दोन दिवसांत दाखवा. आत पिवळसर भाग दिसत असेल, गार पाणी झोंबत असेल, तर जंतू आत जाण्याचा रस्ता उघडला आहे. उद्याच जा. मधोमध लाल ठिपका दिसत असेल किंवा रक्त येत असेल तर दाताची नस उघडी पडली आहे. त्याच दिवशी जा. कोवळ्या वयात उघडी पडलेली नस औषध लावून झाकली, तर ती पुष्कळदा जिवंत राहते आणि दाताचे मूळ पूर्ण वाढते. थांबलात तर ही संधी जाते.

पडलेला तुकडा पाण्यात ठेवून सोबत न्या. अनेकदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. घरात मिळणाऱ्या गोंदाने मात्र काहीही चिकटवू नका.

तारेचा आधार म्हणजे काय?

हललेला, सरकलेला किंवा परत बसवलेला दात डॉक्टर तारेने शेजारच्या चांगल्या दातांना बांधतात. याला ते स्प्लिंट म्हणतात. हात मोडला की प्लास्टर घालतात, तसेच काहीसे. पण एक मोठा फरक आहे. प्लास्टर कडक असते. दाताचा आधार मुद्दाम लवचीक ठेवतात.

डॉक्टर दात जागेवर आणतात, एक्स-रे काढतात. मग दातांच्या पुढच्या बाजूला दाताच्या रंगाच्या मसाल्याचे छोटे ठिपके लावून त्यात साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची बारीक तार बसवतात आणि निळ्या प्रकाशाने तो मसाला कडक करतात. दुखापत झालेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचा निदान एकेक चांगला दात त्यात घेतात. या कामाला सुई टोचावी लागली तर ती दात जागेवर आणताना. तार चिकटवताना दुखत नाही, हे मुलाला आधी सांगा.

तार बारीक का? दाताला खाताना किंचित हालचाल मिळाली तर तंतू नीट जुळतात. दात फार दिवस अगदी घट्ट जखडला तर मूळ थेट हाडाला चिकटण्याची शक्यता वाढते. वाढत्या वयात असा चिकटलेला दात जबड्याबरोबर खाली येत नाही. शेजारचे दात वाढत जातात आणि तो आखूड, आत गेल्यासारखा दिसू लागतो. म्हणून "अजून थोडे दिवस राहू द्या, घट्ट बसेल" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

किती दिवस ठेवायची, हे दुखापतीवर अवलंबून असते. २०२० साली सुधारलेल्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार कायमच्या दातांसाठी साधारण असे:

• दात जागेवर आहे, थोडा हलतो: बहुधा तार लागत नाही. फारच हलत असेल तर २ आठवड्यांपर्यंत.
• दात खाली लोंबला किंवा पूर्ण निघून परत बसवला: २ आठवडे.
• दात आत-बाहेर, बाजूला सरकला: ४ आठवडे.
• आत घुसलेला दात डॉक्टरांनी जागेवर आणला: ४ आठवडे.
• मूळ मधून तुटले: ४ आठवडे; हिरडीच्या जवळ तुटले तर ४ महिन्यांपर्यंत.
• दातांखालचे हाडच तुटले (दोन-तीन दात एकत्र हलतात): ४ आठवडे.

तार लावून घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे मऊ खायला द्या: वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, उपमा, उकडलेले अंडे, केळे. ऊस, चिक्की, फुटाणे, पेरूचा चावा बंद. पुढच्या दातांनी काहीही तोडायचे नाही, पेन्सिल चावायची नाही. धक्काबुक्कीचे खेळ बंद.

प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने हळुवार दात घासायचे. आयांना वाटते, तार निघेल, म्हणून ब्रश नको. उलट, घाण साचली तर हिरडी सुजते आणि तंतू जुळत नाहीत. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दिल्या असतील तर सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदा. मूल लहान असेल, गुळण्या थुंकता येत नसतील, तर तेच औषध कापसाने लावा. दुखले तर वजनानुसार पॅरासिटामॉल. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीचे कार्ड सोबत न्या. सरकारी लसीकरणात पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ही लस मोफत मिळते. कोणती राहिली असेल तर डॉक्टरांना सांगा.

तंबाखू, मिश्री, चुना, हळद, लवंगेचे तेल यातले काहीही जखमेत भरू नका. आमच्या वर्गात एका ताईंनी सांगितले की दातदुखी थांबते म्हणून त्यांनी मुलीच्या हिरडीला मिश्री लावली होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने जखम भाजते आणि कोवळ्या वयात व्यसनाची वाट उघडते.

सर्वांत जास्त चुकते ते इथे

आमच्या पाहण्यातली दुसरी एक मुलगी. अकरा वर्षांची. सायकलवरून पडून दात निघाला, वडिलांनी दुधात घालून तासाभरात नेला, डॉक्टरांनी बसवून तार लावली. सगळे अगदी योग्य झाले. दोन आठवड्यांनी बोलावले होते. त्या दिवशी वडिलांना हजेरी सोडता आली नाही. नंतर घरात सगळे म्हणाले, "दात घट्ट बसलाय, दुखत नाही, मग कशाला जायचं?" चार महिन्यांनी हिरडीवर फोड आला तेव्हा ते आले. तार तशीच होती. मेलेल्या नसेतल्या जंतुसंसर्गाने मुळाचा मोठा भाग खाल्ला होता. दात वाचला नाही.

म्हणून हे ध्यानात ठेवा. तार लावणे ही उपचाराची सुरुवात आहे. मूळ पूर्ण वाढलेला दात निघाला असेल, तर त्याची नस परत जिवंत होत नाही. दोन आठवड्यांच्या आत नस काढण्याचे उपचार, म्हणजे रूट कॅनॉल, सुरू करावे लागतात. मूल लहान असेल, मूळ अजून उघडे असेल, तर नस पुन्हा जिवंत होण्याची आशा असते. तेव्हा डॉक्टर थांबून पाहतात. दोन्ही वेळा तपासणी लागतेच: दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि पुढे निदान पाच वर्षे दरवर्षी एकदा. दात न दुखताही आतून झिजतो आणि ते एक्स-रेतच दिसते.

एका दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो. म्हणून आमच्या वस्तीत आता तारखा फळ्यावर लिहितो. ज्याच्या आईबापांना जमत नाही, त्याला शेजारची कोणी ताई किंवा आत्या घेऊन जाते. कागद सोबत द्यायचा आणि घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते आईला समजावून सांगायचे. तुमच्या वस्तीतही हे करता येईल.

कुठे जायचे?

जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो; अनेक उपजिल्हा रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो. आपल्याला जवळचे कोणते, ते किती वाजता उघडते, हे आजच विचारून ठेवा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दातांचे डॉक्टर नसतील, तरी अपघात विभागात जाऊन जखम दाखवा आणि सकाळी पहिल्या वेळेला दंत विभागात हजर राहा.

डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगा. मुलाला कोणी मारले असेल, मग ते घरात असो की शाळेत, ते लपवू नका. मुलाचा पुढचा मार वाचवणे हाही उपचारच आहे.

पडूच नये म्हणून

नळाच्या ओट्यावरचे शेवाळ आठवड्याला घासा. मोटारसायकलच्या टाकीवर मुलाला बसवू नका. बाटलीचे झाकण दाताने उघडायची सवय मोठ्यांनीच आधी सोडावी. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांसाठी दातांचे रबरी संरक्षक मिळते, ते वापरा. दात फार पुढे असतील तर शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा आवर्जून दाखवा.

स्वतःला विचारा

१. आठ वर्षांच्या मुलाचा वरचा मोठा दात मुळासकट निघाला. तो बसवायचा की टाकायचा?
२. तीन वर्षांच्या मुलीचा दात निघाला. तो परत बसवायचा का? का नाही?
३. दूध घरात नाही. दात कशात न्यायचा?
४. तार लावली, दात दुखत नाही. दोन आठवड्यांनी जायचे का? का?

या चार प्रश्नांची उत्तरे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आणि सगळ्यात लहान शाळकरी मुलाला देता आली, तर हा धडा पूर्ण झाला.

पहिल्या मुलाचे काय झाले, असे काही जण विचारतील. त्याला आता काढता-घालता येणारा कृत्रिम दात बसवला आहे. वाढ पूर्ण झाल्यावर पक्का दात बसवता येईल, त्याला अजून दहा वर्षे आहेत. त्याच्या आजी आमच्या प्रत्येक वर्गाला येतात. नव्या आया आल्या की आमच्या आधी त्याच बोलतात, "बाई, दात पडला तर पत्र्यावर टाकू नको. दुधात टाक अन् पळ."